थंडीच्या रात्री ऊब गळते कुठून?

कडाक्याच्या थंडीत तंबूत झोपणाऱ्या माणसाजवळ उष्णतेचे एकच साधन असते, ते म्हणजे त्याचे स्वतःचे शरीर. झोपलेल्या प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण ७० ते ८० वॉट उष्णता निर्माण होते आणि स्लीपिंग बॅग त्यात काहीच भर घालत नाही; ती केवळ ही उष्णता बाहेर पडण्याचा वेग कमी करते. बॅगेतील पिसे किंवा कृत्रिम तंतूसुद्धा एका अर्थाने दुय्यमच, कारण उष्णता अडवण्याचे खरे काम त्यांच्यात कोंडून राहिलेली स्थिर हवा करते. त्यामुळे आत फार जाड जॅकेट घालून बॅग ताणली गेली, तर पिसे दबतात आणि ऊब वाढण्याऐवजी घटते.

पाठीखाली तर ही हवा उरतच नाही. अंगाच्या भाराने तिथली पिसे सपाट होतात आणि उष्णता थेट जमिनीकडे वाहू लागते. ती अडवण्याची जबाबदारी मॅटवर येते. मॅटची रोधक्षमता आर-मूल्याने सांगितली जाते. एक ढोबळ हिशेब मांडू: शरीराचा अर्धा चौरस मीटर भाग मॅटला टेकलेला आहे आणि त्वचा व जमीन यांच्या तापमानात ३० अंश सेल्सिअसचा फरक आहे. आर-मूल्य १ असलेल्या मॅटमधून अशा वेळी सुमारे ८५ वॉट उष्णता निसटेल, म्हणजे शरीर जेवढी निर्माण करते तेवढी सगळीच. आर-मूल्य ४ असेल तर हीच गळती २१ वॉटवर येते. शिवाय एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या आर-मूल्यांची बेरीज होते. महागडी बॅग घेऊन पातळ मॅटवर झोपणे हा म्हणूनच मला सर्वांत अनाकलनीय काटकसरीचा प्रकार वाटतो.

गरम पाण्याच्या बाटलीचे गणितही पाहण्यासारखे आहे. एक लिटर पाणी ९० अंशांवरून ३५ अंशांपर्यंत निवताना बाहेर पडणारी उष्णता आठ तासांवर विभागली, तर ती जेमतेम ८ वॉट भरते. तरीही बाटली सुखद वाटते, कारण बरीचशी उष्णता पहिल्या काही तासांत, बॅग अजून गार असताना मिळते. मद्याचे मात्र उलट आहे: त्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात, अंग गरम झाल्यासारखे वाटते आणि प्रत्यक्षात उष्णता अधिक वेगाने बाहेर पडते.

तळ कुठे टाकावा, हेही भौतिकशास्त्रच सांगते. निरभ्र, वाराहीन रात्री जमीन आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून थंड होते, तिच्यालगतची हवा गार व जड होते आणि उतारावरून घरंगळत दरीच्या तळाशी साचते. उतारावर थोडे वर झोपणाऱ्याला ती टाळता येते. पहाटे तर हवा सर्वांत गार असते आणि नेमके त्याच सुमारास शरीराचे आंतरिक तापमानही दिवसातील नीचांकाजवळ असते.

अनेक रात्रींच्या प्रवासात आणखी एक शत्रू हळूहळू जमा होतो, तो म्हणजे ओलावा. त्वचेतून निघणारी वाफ बॅगेच्या बाहेरच्या, थंड थरात पोहोचली की तिथेच तिचे पाणी किंवा बर्फ होते आणि ओली पिसे फुगत नाहीत. १९११ साली अंटार्क्टिकातील भर हिवाळ्यात स्कॉट यांच्या ब्रिटिश मोहिमेतील विल्सन, बॉवर्स आणि चेरी-गॅरार्ड हे तिघे एम्परर पेंग्विनची अंडी आणण्यासाठी केप क्रोझियरला गेले, तेव्हा सुमारे पाच आठवड्यांत त्यांच्या बॅगा साचलेल्या बर्फाने कडक होऊन गेल्या होत्या. बॅगेत तोंड खुपसून श्वास सोडणे टाळले आणि दुपारी विसाव्याच्या वेळी ती उलटी करून उन्हात पसरली, तर रात्रभराचा बराच ओलावा उडून जातो.