डोंगल दिसतो, मोडेम दिसत नाही

तासगाव भागात ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागेतलं तापमान, आर्द्रता आणि पानांचा ओलावा तासातासाला कळला, तर डाऊनी या बुरशीजन्य रोगावरच्या फवारणीची वेळ साधता येते. रास्पबेरी पाय या लिनक्सवर चालणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरला सेन्सर जोडून ही माहिती सिम घातलेल्या यूएसबी डोंगलने घरी पाठवणं फार खर्चाचं काम नाही. घोडं अडतं ते डोंगलपाशी. विंडोजवर चालणारा डोंगल लिनक्सवर नेटच देत नाही आणि चांगली वस्तू बिघडली म्हणून अडगळीत जाते.

असे अनेक डोंगल लावल्याबरोबर आपण सीडी ड्राइव्ह आहोत असं सांगतात. त्या 'सीडी'त विंडोजचं सॉफ्टवेअर असतं. ते चाललं की डोंगल मोडेम, म्हणजे नेट जोडणारं उपकरण होतो. लिनक्सवर ते चालत नाही, म्हणून डोंगल सीडीच राहतो. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'एलएसयूएसबी' ही कमांड द्या, जोडलेल्या यूएसबी उपकरणांचे क्रमांक दिसतील. हुआवेच्या डोंगलचा क्रमांक १२डी१ने, झेडटीईचा १९डी२ने सुरू होतो. १२डी१:१४४६ दिसलं, तर डोंगल अजून सीडीच आहे. 'यूएसबी-मोडस्विच' हे पॅकेज त्याला ठरलेला संदेश पाठवून मोडेम करतं. मग क्रमांकाचा मागचा भाग बदलतो आणि 'टीटीवाययूएसबी०', '१', '२' असे मोडेमशी बोलायचे पोर्ट उघडतात. क्रमांक बदलूनही पोर्ट आले नाहीत, तर कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) 'ऑप्शन' या मोडेमच्या ड्रायव्हरला तो क्रमांक माहीत नसण्याची शक्यता मोठी.

सगळे पोर्ट बोलत नाहीत. मिनिकॉम या प्रोग्रामने एकेक उघडून 'एटी' ही मोडेमची कमांड टाइप करा. 'ओके' येईल तो आपला. परवानगी नाकारली, तर युजरला 'डायलआउट' ग्रुपमध्ये घालून पुन्हा लॉगिन करा. पोर्ट व्यस्त दाखवला, तर बहुधा मोडेममॅनेजर या पार्श्वभूमीत चालणाऱ्या प्रोग्रामने तो धरून ठेवलेला असतो. नेट नेटवर्कमॅनेजर या प्रोग्रामवरून जोडणार असाल तर मोडेममॅनेजर हवाच. डब्ल्यूव्हीडायल या डायल करणाऱ्या प्रोग्रामने जोडणार असाल तर तो बंद करा. दोन्ही एकदम नकोत.

जोडणी होते आणि माहिती पाठवताना तुटते, तेव्हा आधी वीज तपासा. यूएसबी २.० पोर्टची ठरलेली मर्यादा ५०० मिलिअँपिअर, आणि रेंज कमी असली की डोंगल जास्त करंट ओढतो. मोबाइलचा साधा चार्जर आणि बारीक केबल असली, तर पायकडे येणारा व्होल्टेज ४.६३च्या खाली जातो, 'डीमेसेज' या कमांडने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींत अंडर-व्होल्टेजची नोंद पडते आणि डोंगल मध्येच गायब होतो. पाय ३ला अडीच, पाय ४ला तीन अँपिअरचा चांगला अ‍ॅडॉप्टर द्या. डोंगल स्वतंत्र वीज असलेल्या हबवर लावलेला उत्तम.

रेंज अंदाजाने ठरवू नका. त्याच पोर्टवर 'एटी+सीएसक्यू' दिलं की ० ते ३१मधला आकडा येतो. दहाच्या आत असेल तर रेंज कमजोर, ९९ म्हणजे मोजताच आली नाही. मोटारीच्या स्टार्टरशेजारी पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या डोंगलचा आकडा पेटीबाहेर काढून पुन्हा बघा, फरक लगेच कळेल.

सिमचंही बघा. जुन्या ३जी डोंगलमध्ये जिओचं सिम चालत नाही, कारण जिओचं नेटवर्क ४जीपासूनच सुरू होतं. नवा घ्यायचा असेल तर हुआवे ई३३७२एचसारखा, नेटवर्क कार्ड म्हणून दिसणारा हायलिंक डोंगल बघा: १२डी१:१४डीसी हा क्रमांक आला की एटी कमांडची गरजच उरत नाही, सिमची सेटिंग ब्राउझरमध्ये १९२.१६८.८.१ उघडून करता येते.