उन्हाळ्यात घराचं काम घरच्यांनीच काढताना
(आमच्याकडून रंग, पुट्टी, सिमेंट नेणाऱ्या ग्राहकांसाठी)

सुट्टीमुळे सगळे घरात असतात, दिवस मोठा असतो, पावसाची धास्ती नसते. त्यामुळे डागडुजी आणि रंगकाम उन्हाळ्यात काढायचं ठरतं. सामान नेताना बरेच जण म्हणतात, "ऊन चांगलं आहे, पटापट वाळेल." पटापट वाळतं हे खरंच, पण तीच अडचण आहे. कडक उन्हात वरचा पापुद्रा वाळतो आणि आतला थर कच्चा राहतो. पुढे पोपडे सुटले की घरच्यांची सगळी मेहनत वाया जाते. ते आम्हाला बघवत नाही, म्हणून हे माहितीपत्रक.

आधी सिमेंटबद्दल, कारण सर्वात जास्त गैरसमज तिथेच आहे. सिमेंट घट्ट होतं ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे. उन्हाने त्यातलं पाणी आधीच उडून गेलं तर ती क्रिया अर्धवट राहते. मग गिलाव्यावर बारीक भेगा पडतात, हात फिरवला की भुकटी लागते. म्हणून गिलावा करण्याआधी भिंत ओली करून घ्या आणि नंतर किमान 7 दिवस पाणी मारा. मिश्र सिमेंट (राख किंवा स्लॅग मिसळलेलं) असेल आणि हवा कोरडी, तापलेली असेल तर 10 ते 14 दिवस. दिवसातून एकदा भरपूर पाणी ओतून मधे भिंत कोरडी पडू देण्यापेक्षा थोडं थोडं, पण सतत ओलं ठेवणं चांगलं. ओलं गोणपाट लावून ठेवलं तर काम बरंच सोपं होतं. घरातल्या मोठ्या मुलांना पाळी लावून हे काम द्या, ती मनापासून करतात.

घमेल्यातला माल आवळायला लागला की वरून पाणी घालून पुन्हा कालवायचा मोह होतो. तसं करू नका, ताकद जाते. पुट्टीचंही तेच. अर्ध्या तासात संपेल एवढीच कालवा, बादली सावलीत ठेवा, पाणी थंड घ्या. टाकीत तापलेल्या पाण्याने माल लवकर आवळतो. फरशी चिकटवताना थापीने एकदम मोठा पट्टा पसरू नका. पसरलेल्या थराला बोट लावून पाहा. बोटाला काही चिकटलं नाही तर त्यावर साय धरली आहे. तो थर खरवडून काढा आणि नवा लावा.

रंग: सावलीच्या मागे मागे

डब्यावर कोणत्या तापमानात रंग लावायचा ते लिहिलेलं असतं. पाण्यात मिसळणाऱ्या बऱ्याच रंगांची वरची मर्यादा 35 अंश सेल्सिअसच्या आसपास असते. उन्हातली भिंत हवेपेक्षा बरीच जास्त तापते, हे लक्षात घ्या. तळहात टेकवून पाहा. चटका बसून हात उचलावासा वाटला तर त्या भिंतीला आत्ता रंग नको. बाहेरची पश्चिमेची भिंत सकाळी करा, पूर्वेची दुपार कलल्यावर.

खोलीच्या आत वेगळीच चूक होते. घरातलं एक माणूस आधी सगळ्या कडा आणि कोपरे ब्रशने भरून घेतं, मग दुसरं रोलर घेऊन येतं. तोवर कडा वाळलेल्या असतात आणि भिंतीवर चारी बाजूंनी चौकट उमटते. ही चौकट रंगाच्या एका हाताने (थराने) झाकली जात नाही. त्यापेक्षा दोघांनी एकाच भिंतीवर राहा. एक जण हातभर कड भरेल आणि दुसऱ्याने ती ओली असतानाच रोलर फिरवत यावं. भिंत अर्धी सोडून पाणी प्यायला जाऊ नका. आधी प्या, मग भिंत संपवूनच थांबा. खिडक्या उघड्या असू द्या, पण पंख्याचा झोत ताज्या रंगावर घेऊ नका. दुसरा हात डब्यावर लिहिलेल्या वेळेआधी देऊ नका, स्पर्शाला कोरडं लागलं तरीही.

नव्या गिलाव्यावर लगेच रंग नको. साधारण 28 दिवस जाऊ द्या.

माणसांची काळजी

भर दुपारी, साधारण 11 ते 4, जड काम बंद ठेवा. गरम हवा वर जाते, त्यामुळे छताचं काम करणाऱ्याला खाली उभ्या असलेल्यांपेक्षा जास्त उकडतं. शिडीवर घेरी आली तर काय होईल ते सांगायला नको. छत पहाटेच उरका. तहान लागायची वाट न बघता दर 15 ते 20 मिनिटांनी पेलाभर पाणी प्या. शरीराला उष्णतेची सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, म्हणून पहिले काही दिवस काम कमीच धरा.

काम करणारं माणूस असंबद्ध बोलू लागलं, गोंधळलं, अंग भट्टीसारखं तापलं किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात असू शकतो. लगेच रुग्णवाहिका बोलवा. ती येईपर्यंत सावलीत आडवं करून कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

जुना तेलरंग खरवडताना मुलांना आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ पोटात गेली की मुलांच्या मेंदूला इजा होते. कोरडं घासू नका. पृष्ठभाग ओला करून खरवडा आणि नंतर ओल्या फडक्याने पुसून घ्या. पुट्टी घासतानाही एन-95 मास्क लावा, साधा रुमाल पुरत नाही.

एक गोष्ट फार कमी जणांना ठाऊक असते. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. ती बाहेर एकेक पसरून वाळवा, किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून झाकण लावा. थिनरचा डबाही उन्हात ठेवू नका, आणि तो उघडा असेल त्या खोलीत काडी ओढू नका.

एका वेळी एकच खोली काढा, म्हणजे दमल्यावर पाठ टेकायला थंड जागा उरते. सामान घ्यायला याल तेव्हा भिंतींची लांबी-उंची, कोणत्या भिंतीवर किती वाजता ऊन येतं आणि गिलावा कधीचा आहे, एवढं कागदावर लिहून आणा. कामाचा क्रम आपण बसून ठरवू.