बिअरचे अंतिम गुरुत्व आणि पातेल्यातील पहिला तास

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या माझ्या भाच्याने गेल्या महिन्यात घरी बिअर केली. तिकडे घरगुती वापरासाठी १९६३ पासून त्याला परवाना लागत नाही. आपल्या कर्नाटकात मात्र अबकारी कायद्यामुळे परवान्याशिवाय असे काही करता येत नाही. मोड आणलेल्या सातूच्या (बार्लीच्या) गोड काढ्याचे, म्हणजे वर्टचे, विशिष्ट गुरुत्व, म्हणजे पाणी १.००० धरून मोजलेली घनता, १.०५० होते. साखर आंबून संपत जाते तसा हा आकडा उतरतो आणि शेवटी जिथे थांबतो ते अंतिम गुरुत्व. ते १.०११ च्या आसपास यायला हवे होते, पण १.०२० वर येऊन आठवडाभर तिथेच राहिले. "मामा, यीस्ट मेले असेल, आणखी घालू का?" असे त्याने मला खानापूरला फोन करून विचारले. बहुतेकांचा पहिला संशय यीस्टवरच जातो आणि बऱ्याचदा तो चुकीचा असतो.

साखर कारखान्यांमुळे बेळगाव भागातील ऊस उत्पादकाला ब्रिक्स, म्हणजे रसातील साखरेची टक्केवारी, हा शब्द नवा नाही, १.०५० म्हणजे सुमारे साडेबारा ब्रिक्स. उसाच्या रसातील साखर यीस्ट जवळजवळ पूर्ण संपवते, आणि अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे आंबलेल्या रसात हायड्रोमीटर, म्हणजे गुरुत्व मोजणारी तरंगती काचनळी, १.००० च्याही खालचा आकडा दाखवू शकतो. धान्यात मुख्यतः स्टार्च असतो आणि तो यीस्टला खाता येत नाही. त्याची साखर आधी करून घ्यावी लागते.

ही क्रिया स्वयंपाकघरात पाहता येते. तांदळाच्या पिठाची, चमचा उभा राहील इतकी घट्ट पेज शिजवावी आणि ती ६५ अंश सेल्सिअसपर्यंत निवल्यावर तिच्यात मोड आणून वाळवलेल्या नाचणीचे चमचाभर पीठ ढवळावे. काही मिनिटांतच पेज सैल होऊन पळीवरून ओघळू लागते. मोड येताना दाण्यात तयार झालेल्या विकरांचे, म्हणजे एन्झाइमचे, हे काम आहे. पायेन आणि पेर्सो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनी १८३३ मध्ये सातूच्या मोडातून हाच कार्यकारी पदार्थ वेगळा करून त्याला 'डायस्टेज' हे नाव दिले.

सातूत यातली दोन विकरे महत्त्वाची आहेत. स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांब साखळ्या, आणि त्यांतील बऱ्याचशा साखळ्यांना फांद्या फुटलेल्या असतात. अल्फा-अमायलेज साखळी मध्येच कुठेही तोडते, त्यामुळे पेज पातळ होते. बीटा-अमायलेज मात्र टोकापासून दोन-दोन ग्लुकोजचे तुकडे, म्हणजे माल्टोज, काढत जाते आणि फांदीजवळ पोहोचली की थांबते. फांदीचा सांधा दोघींनाही तोडता येत नाही, म्हणून तिथले तुकडे डेक्स्ट्रिन म्हणून उरतात. बिअरचे नेहमीचे यीस्ट ग्लुकोज, माल्टोज आणि तीन ग्लुकोजचे माल्टोट्रायोज खाते, त्याहून लांब तुकडा त्याला चालत नाही. आता बीटा-अमायलेज नाजूक आहे: ६२-६३ अंशांवर ती तासभर काम करते, पण ७० अंशांवर काही मिनिटांतच निकामी होते, तर अल्फा त्या उष्णतेतही तुकडे पाडत राहते. त्यामुळे मोडाचे भरड गरम पाण्यात भिजवलेले पातेले ६३ अंशांवर ठेवले तर माल्टोज भरपूर मिळून बिअर कोरडी, म्हणजे कमी गोड, होते, आणि ७० अंशांवर ठेवले तर डेक्स्ट्रिन जास्त राहून अंतिम गुरुत्व वर राहते. हे सारे यीस्ट घालण्यापूर्वीच्या एका तासात घडून गेलेले असते.

उलट प्रकारही होतो. काही यीस्टमध्ये एसटीए-१ नावाचे जनुक असते. ते यीस्ट स्वतःच विकर सोडून डेक्स्ट्रिनही फोडते, आकडा अपेक्षेपेक्षा खाली जातो आणि बाटल्या फुटण्याचा धोका असतो. मापनातही चुका होतात: हायड्रोमीटरला चिकटलेले वायूचे बुडबुडे त्याला वर उचलून आकडा वाढवतात, आणि २० अंशांसाठी बनवलेला हायड्रोमीटर ३० अंशांच्या द्रवात दोन-तीन हजारांशांनी कमी दाखवतो.

आमच्या भागात अजूनही आंबील बिघडली किंवा इडलीचे पीठ फुगले नाही की घरातल्या पाळीच्या बाईवर विटाळाचा ठपका येतो. हा अन्याय आहे आणि त्याला कोणताही आधार नाही. आंबण्याचा संबंध तापमान, वेळ, मीठ आणि सूक्ष्मजीवांशी आहे.

भाच्याला मी दोन गोष्टी करायला सांगितल्या. पेलाभर बिअरमध्ये चमचाभर साखर घालून ती उबदार जागी ठेवली, तर दुसऱ्या दिवशी तिला फेस आला. यीस्ट जिवंत होते. मग त्याने आपला थर्मामीटर वितळत्या बर्फात बुडवला, तेव्हा त्याने शून्याऐवजी उणे चार अंश दाखवले. त्याने ६६ अंश समजून तासभर राखलेले पातेले प्रत्यक्षात ७० अंशांच्या आसपास होते.