डोक्यावरचं न दिसणारं छप्पर

३० मीटर खाली उतरलेल्या स्कूबा डायव्हरच्या मनगटावर एक घड्याळ उलटं चालू असतं. 'पॅडी' या प्रशिक्षण संस्थेच्या तक्त्यानुसार या खोलीवर राहायला २० मिनिटं मिळतात, १८ मीटरवर ५६. ती संपली की काय होतं? तत्क्षणी काहीच नाही. दुखत नाही, दम लागत नाही. फक्त मध्ये न थांबता थेट वर येण्याची मुभा जाते. डोक्यावर न दिसणारं छप्पर येतं.

हे छप्पर नायट्रोजनचं. ३० मीटरवर दाब चौपट असल्यामुळे श्वासातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत, चरबीत मुरत जातो. सावकाश वर आलं तर तो फुप्फुसांवाटे निघून जातो, घाई केली तर बुडबुडे होतात. मग सांधे ठणकतात, क्वचित मज्जारज्जूलाही इजा होते. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन हाल्डेन यांनी शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ साली थांबत थांबत वर येण्याचे तक्ते मांडले. आजचे मनगटावरचे डाइव्ह कॉम्प्युटर त्याच वंशातले. पण ते गणित करतात एका कल्पित शरीराचं, तुमच्या नव्हे. त्यामुळे १९व्या मिनिटाला सुखरूप आणि २१व्याला संकट, असं काही नसतं.

मग मर्यादा ओलांडली तर बिघडलं काय? ब्रिटन-फ्रान्सच्या क्लबांमध्ये तर थांबे आखून तसं डायव्हिंग रीतसर शिकवतात. मला विचाराल तर खरी गोम टाकीत आहे.

१२ लिटरची टाकी २०० बार दाबाला (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या साधारण २०० पट) भरली की साधारण २४०० लिटर हवा. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर लागणाऱ्याला ३० मीटरवर ८० लागतात. तो २० ऐवजी २५ मिनिटं रमला, तर २००० लिटर गेले. वर येताना आणखी दीडेकशे. उरले अडीचशेच्या आत. आता 'पॅडी'चा आणीबाणीचा नियम: मर्यादा ५ मिनिटांपर्यंत ओलांडली असेल तर ५ मीटरवर ८ मिनिटं थांबा, नंतर ६ तास पाण्यात उतरू नका. त्या ८ मिनिटांना लागतात २४० लिटर. टाकी कोरडी! जोडीदाराची हवा संपली तर त्याला द्यायला काही नाही. म्हणून एका टाकीवर मुद्दाम मर्यादा ओलांडू नये. चुकून ओलांडलीच, तर हवा पुरेल तितकं थांबावं.

तारकर्लीच्या उथळ पाण्यात पर्यटकाला ही वेळ येत नाही. विजयदुर्गसमोरच्या आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या पठारावर मात्र प्रवाळ सुरू होतात तेच सुमारे २० मीटरवर, आणि किनारा १०० किलोमीटरहून लांब. तिथे सांधे ठणकू लागले, तर उपचाराच्या दाबकक्षाआधी बोटीतले कित्येक तास आहेत.