एचआयव्ही कुठल्या प्रकारचा, हे अँटिबॉडी सांगू शकते का?

एचआयव्ही टेस्ट म्हटलं की आपल्या डोक्यात पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढंच येतं, पण त्याच रक्तातून अंगात एचआयव्हीचा कुठला प्रकार शिरलाय याचाही अंदाज काढता येतो. कारण हा एकटादुकटा व्हायरस नाहीचे, अख्खं खानदान आहे. जगभर पसरलेल्या एम ग्रुपमध्येच ए, बी, सी, डी असे बरेच सबटाइप, वर त्यांच्या सरमिसळीतून झालेले वेगळेच. भारतात आणि आफ्रिकेच्या दक्षिण भागात सी जास्त, अमेरिका आणि पश्चिम युरोपात बी.

खात्रीचं काम म्हणजे व्हायरसचे जीन्स वाचणं, पण 1990 च्या आसपास ते महागडं आणि वेळखाऊ होतं, शहरभरातली शेकडो सॅम्पल्स कोण वाचत बसणार? मग जुगाड निघाला तो व्ही3 चा. व्हायरसच्या आवरणावर जीपी120 नावाचं प्रोटीन असतं, त्यावर साधारण 35 अमिनो ॲसिडचा (म्हणजे प्रोटीनच्या साखळीतल्या कड्यांचा) एक लूप असतो तो व्ही3, आणि आपलं शरीर याच्याविरुद्ध भरपूर अँटिबॉडी, म्हणजे व्हायरसला चिकटणारी प्रोटीन्स, बनवतं. गंमत अशी की हा लूप सबटाइपप्रमाणे बदलतो, म्हणजे बी मध्ये त्याच्या टोकाला बहुतेकदा जीपीजीआर असा क्रम असतो (एकेक अक्षर म्हणजे एकेक अमिनो ॲसिड) आणि ए, सी वगैरेंमध्ये जीपीजीक्यू. मग लॅबमध्ये प्रत्येक प्रकाराच्या लूपचा छोटा तुकडा बनवायचा, प्लेटच्या वेगवेगळ्या खळग्यांत चिकटवायचा, वरून सीरम (रक्तातला पेशी काढून उरलेला पातळ भाग) टाकायचं आणि कुठल्या खळग्यात रंग सगळ्यात गडद येतो, म्हणजे अँटिबॉडी सगळ्यात जास्त चिकटतात, ते बघायचं. बस. फ्रीझरमध्ये पडून असलेलं जुनं सीरमसुद्धा चालतं.

याचा सगळ्यात भारी उपयोग झाला बँकॉकमध्ये. तिथे 1988 मध्ये ड्रग्ज टोचून घेणाऱ्यांत एचआयव्ही अक्षरशः वणव्यासारखा पसरला, आणि नंतर लक्षात आलं की एकाच शहरात दोन साथी शेजारी शेजारी चालू आहेत, सुईवाल्यांमध्ये मुख्यतः बी आणि लैंगिक संबंधातून पसरणारा ई (आता त्याला एई म्हणतात). पुढे सुईवाल्यांच्या नव्या इन्फेक्शन्समध्येही ई वाढत गेला. थायलंडमध्ये मुख्य प्रकार दोनच आणि त्यांचे लूपही चांगलेच वेगळे, त्यामुळे ही टेस्ट तिथे मस्त चालली. 1999 मध्ये बँकॉकमध्येच सुरू झालेल्या लशीच्या ट्रायलमध्ये बी आणि ई दोन्हींचं जीपी120 घातलं होतं, ती लस चालली नाही हा भाग वेगळा.

पण सगळीकडे इतकं सरळ नसतं. ए आणि सी चे लूप इतके सारखे की ही टेस्ट गोंधळते. सरमिसळीचा व्हायरस असेल तर ती फक्त लूपचा तुकडा बघते, बाकीचा जीनोम (व्हायरसचे सगळे जीन्स) कुठून आला ते तिला काय माहीत. इन्फेक्शन अगदी नवं असेल किंवा आजार खूप पुढे गेला असेल तर अँटिबॉडीच कमी, मग रंग येणार कुठून. म्हणून थोडी सॅम्पल्स सिक्वेन्सिंगला, म्हणजे जीन्स वाचायला, लावून ताडून बघावंच लागतं, आणि मला विचाराल तर त्याशिवाय आलेले आकडे मी तरी गंभीरपणे घेणार नाही.

व्हायरसच्या वेगळेपणाचा फटका साध्या पॉझिटिव्ह-निगेटिव्ह टेस्टलाही बसलाय बरं का. 1994 मध्ये दिसून आलं की काही किट्स एचआयव्हीच्याच ओ ग्रुपची (रक्तगट नव्हे, एम सारखाच वेगळा ग्रुप) इन्फेक्शन्स पकडतच नव्हत्या, हा ग्रुप मुख्यतः कॅमेरून आणि आसपास सापडतो, आणि मग किट्समध्ये ओ ग्रुपचे तुकडेही घालायला लागले.