वीजपुरवठा संच, गेमिंग संगणकाचा

घरगुती जोडणीतून मिळणाऱ्या प्रत्यावर्ती विजेचे संगणकाला लागणाऱ्या १२, ५ व ३.३ व्होल्ट दाबांच्या एकदिश विजेत रूपांतर करणारा आणि भार बदलला तरी हे दाब स्थिर राखणारा घटक. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या दुरुस्ती-दुकानापर्यंत तो ‘एसएमपीएस’ याच नावाने ओळखला जातो. ‘स्विच्ड मोड पॉवर सप्लाय’ या नावाच्या आद्याक्षरांचे हे रूप त्याच्या कार्यपद्धतीचेही वर्णन करते. उच्च क्षमतेच्या गेमिंग संगणकात संचाची निवड केवळ वॅटच्या आकड्यावरून करण्याची प्रथा आहे. ती अपुरी आहे, कारण अशा संगणकाचा भार क्षणाक्षणाला बदलतो आणि त्याचा बहुतांश भाग खेळातील दृश्ये रेखाटणाऱ्या एकाच ग्राफिक्स कार्डाकडे जातो.

जुन्या पद्धतीच्या पुरवठ्यात ५० हर्ट्‌झ कंप्रतेवर चालणारे लोखंडी गाभ्याचे जड रोहित्र लागे आणि दाब स्थिर राखताना जादा वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाई. एसएमपीएसमध्ये २३० व्होल्टच्या विजेचे आधी एकदिशीकरण होते, शक्तिगुणक (पॉवर फॅक्टर) सुधारणाऱ्या मंडलातून (सर्किट) तिचा दाब सुमारे ३८० ते ४०० व्होल्टपर्यंत चढवला जातो, आणि मग ट्रान्झिस्टर ती वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात. कंप्रता जितकी जास्त तितके रोहित्र लहान पुरत असल्यामुळे फेराइट गाभ्याच्या मुठीएवढ्या रोहित्रातून एक किलोवॅटही जाऊ शकतो. आजच्या चांगल्या संचांत सगळी शक्ती प्रथम १२ व्होल्टवर आणून ५ व ३.३ व्होल्ट हे दाब त्यातूनच लहान परिवर्तकांनी मिळवतात.

या पद्धतीचे जनकत्व वादग्रस्त आहे. १९७७ मधील ॲपल २ या संगणकासाठी अभियंता रॉड होल्ट यांनी ३८ वॅटचा असा संच रचला व १९७८ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले. घरगुती संगणकातील स्विचिंग पुरवठ्याचा प्रारंभ येथूनच झाला आणि इतरांनी त्याचेच अनुकरण केले, असे ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह जॉब्स यांनी पुढे म्हटले व ते लोकप्रियही झाले. तथापि वीज चालू-बंद करून दाब बदलण्याची कल्पना बरीच जुनी आहे. १९३० च्या दशकातील मोटारींच्या रेडिओत बॅटरीचा प्रवाह कंप पावणाऱ्या यांत्रिक स्पर्शकाने तोडून वाढीव दाब मिळवत. १९६० च्या दशकात अवकाश व लष्करी उपकरणांत, तर १९७० च्या सुमारास महागड्या मापन-उपकरणांत ट्रान्झिस्टरवर चालणारे असे पुरवठे आले होते. अभियंता रॉबर्ट बॉशर्ट यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात मंडल सोपे करून मुद्रकांसाठी (प्रिंटर) स्वस्त संच बनवले, आणि १९७६ मध्ये रॉबर्ट मॅमानो यांचे एसजी १५२४ हे चालू-बंद नियंत्रित करणारे एकात्मिक मंडल (आयसी) बाजारात आले. उच्च दाब सहन करणारे जलद ट्रान्झिस्टर स्वस्त होताच ही पद्धत एकाच वेळी अनेक ठिकाणी रुजली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. होल्ट यांचे काम ग्राहकोपयोगी वस्तूतील एक लवकरचे व नेटके उदाहरण मानावे. १९८१ च्या आयबीएम पीसीमध्येही ६३.५ वॅटचा स्विचिंग संचच होता.

इंटेलने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या एटीएक्स मानकाने संचाचे माप, जोडण्या व दाब ठरवून दिले. सुरुवातीला भर ५ व ३.३ व्होल्टवर होता. पेंटियम ४ च्या काळात, म्हणजे २००० च्या सुमारास, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी आली आणि तेव्हापासून भार क्रमाने १२ व्होल्टकडे सरकला. म्हणून आज संच निवडताना एकूण वॅटपेक्षा १२ व्होल्टवर किती अँपिअर मिळतात ते पाहावे. १००० वॅटच्या संचाने १२ व्होल्टवर सुमारे ८३ अँपिअर द्यायला हवेत. लेबलवरचा आकडा याहून बराच कमी असेल, तर रचना जुनी आहे असे समजावे.

भाराचा अंदाज उदाहरणाने स्पष्ट होईल. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या आरटीएक्स ५०९० या ग्राफिक्स कार्डाची निर्धारित शक्ती ५७५ वॅट आहे आणि कोअर आय ९-१४९००के या प्रोसेसरची कमाल टर्बो शक्ती २५३ वॅट. मदरबोर्ड, स्मृती, साठवण, पंखे व शीतनाचा पंप यांचे ८० ते १०० वॅट धरले, तर बेरीज ९०० च्या थोडी पुढे जाते. कार्डाची निर्माती कंपनी एनव्हिडियाने या कार्डासाठी १००० वॅटच्या संचाची शिफारस केली आहे. खेळताना प्रोसेसर क्वचितच पूर्ण शक्ती घेतो, त्यामुळे तेवढी क्षमता पुरते. परंतु दृश्यनिर्मितीसारख्या (रेंडरिंग) कामात दोन्ही घटक एकदम पूर्ण भारावर येत असतील, तर १२०० वॅट घेणे शहाणपणाचे.

या बेरजेत न दिसणारी गोष्ट म्हणजे क्षणिक उसळी. ग्राफिक्स कार्ड काही मायक्रोसेकंदांपुरते निर्धारित शक्तीच्या दुपटीहून अधिक ओढू शकते. २०२० नंतरच्या कार्डांबरोबर पुरेशा वॅटचे संचही खेळ चालू असताना अचानक बंद पडत, ते बहुधा यामुळे: संरक्षक मंडल ही उसळी लघुपरिपथ (शॉर्ट सर्किट) समजून पुरवठा तोडत असे. फेब्रुवारी २०२२ च्या एटीएक्स ३.० मानकाने अशा कार्डांसाठीच्या संचांना १०० मायक्रोसेकंदांपर्यंत २०० टक्के भार पेलणे बंधनकारक केले. जुना १००० वॅटचा संच आणि या मानकाचा ८५० वॅटचा संच यांत दुसरा अधिक निर्धोक ठरू शकतो, आणि खरेदीदाराने सर्वप्रथम पाहावे ते हेच.

त्याच मानकाबरोबर रुजलेली १२व्हीएचपीडब्ल्यूआर ही ग्राफिक्स कार्डाला वीज देणारी सोळा पिनांची जोडणी अजून चर्चेत आहे. तिच्या बारा मोठ्या पिनांपैकी सहा १२ व्होल्टच्या व सहा परतीच्या असतात; उरलेल्या चार लहान पिना फक्त संकेतांसाठी. ६०० वॅटला १२ व्होल्टवर ५० अँपिअर लागतात, म्हणजे प्रत्येक पिनेला सुमारे ८.३. पिनेची मर्यादा सुमारे ९.५ अँपिअर असल्याने राखीव क्षमता जेमतेम १४ टक्के उरते. याउलट जुन्या आठ पिनांच्या जोडणीत १५० वॅटसाठी तीन पिनांतून प्रत्येकी ४.२ अँपिअर जात आणि मर्यादा जवळजवळ दुप्पट असे. ऑक्टोबर २०२२ पासून आरटीएक्स ४०९० च्या जोडण्या वितळल्याच्या तक्रारी आल्या. जोडणी पूर्ण न बसवणे हे समान कारण आढळल्याचे एनव्हिडियाने सांगितले. दुसरे मत असे की, बहुतेक कार्डांवर सहाही तारा एकाच पट्टीला मिळत असल्याने एका पिनेचा स्पर्श सैल झाला, की तिचा प्रवाह इतर पिनांवर जातो आणि कार्डाला ते कळत नाही. एवढ्या कमी राखीव क्षमतेत ही उणीव मूळ रचनेचीच आहे. दोन्ही कारणे एकत्र येतात हे खरे, पण एवढ्याशा चुकीला क्षमा न करणारी जोडणी सदोषच म्हणावी लागेल. २०२३ मधील एटीएक्स ३.१ सोबत आलेल्या १२व्ही-२एक्स६ या सुधारित रूपात संकेत पिना आखूड केल्या, त्यामुळे जोडणी अर्धवट बसली असता कार्ड पूर्ण शक्ती मागत नाही. संचासोबत आलेलीच तार वापरावी, ती शेवटपर्यंत दाबून बसवावी आणि तोंडाजवळचे तीन-चार सेंमी अंतर सरळ ठेवावे.

कार्यक्षमतेसाठी २००४ मध्ये सुरू झालेली ‘८० प्लस’ ही प्रमाणन योजना प्रचलित आहे. निम्म्या भारावर गोल्ड श्रेणीला ९० व टायटॅनियमला ९४ टक्के कार्यक्षमता लागते. ही चाचणी ११५ व्होल्टवरची असून भारतातील २३० व्होल्टवर तोच संच थोडा अधिक कार्यक्षम ठरतो. ६०० वॅट भारावर या दोन श्रेणींत सुमारे २८ वॅटचा फरक पडतो. रोज चार तास खेळल्यास वर्षाला ४१ युनिट. श्रेणी गुणवत्तेची खूण आहे, हमी नव्हे. उसळी पेलणे किंवा दाबातील तरंग (बारीक चढउतार) यांविषयी ती काही सांगत नाही. धारित्रे (कपॅसिटर) १०५ अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारी असावीत, हे महाराष्ट्रातील उन्हाळ्यात विशेष महत्त्वाचे, कारण तापमान दहा अंशांनी वाढले की त्यांचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते.

वीज गेल्यावर संच सुमारे १२ ते १७ मिलिसेकंद साठवणीवर तग धरतो. घरगुती इन्व्हर्टर ‘यूपीएस’ स्थितीत ठेवला, तर बदल बहुधा या अवधीत होतो. साध्या स्थितीत संगणक पुन्हा सुरू होण्याचा संभव असतो. ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) असे लिहिलेला लहान यूपीएस बहुधा ३६० वॅटच देतो, म्हणून या संगणकांना तो निरुपयोगी. सहा अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा १३८० वॅट असल्याने १२०० वॅटच्या पुढील संचाला सोळा अँपिअरचा सॉकेट द्यावा. अर्थिंग नसेल, तर संचाच्या गाळणीतील (फिल्टर) धारित्रांमुळे कॅबिनेटवर पुरवठ्याच्या निम्मा दाब येतो आणि धातूला हात लागताच झिणझिण्या येतात.