कच्छच्या आखातातील तापमान व लवणतामापन

कच्छ आणि सौराष्ट्र यांच्यामध्ये शिरलेल्या, सुमारे 170 किमी लांबीच्या आखातात पाण्याचे तापमान व खारटपणा ऋतूनुसार कसा बदलतो, याची ठरावीक जागी वर्षभर घेतलेली नोंद. या आखाताला बारमाही मोठी नदी नाही, पाऊस तुटपुंजा आणि बाष्पीभवन प्रचंड. त्यामुळे एरवीच्या खाडीच्या उलट, इथे आत जावे तसे पाणी अधिक खारट होत जाते: मुखाशी लवणता (साधारणपणे किलोभर पाण्यातले ग्रॅमभर क्षार) 36 च्या आसपास, तर आतल्या टोकाच्या कांडला-नवलखी बंदरांकडे उन्हाळ्यात 40 च्या वर. शेजारच्या खंभातच्या आखातात नर्मदा, तापी, मही, साबरमती उतरतात. तिथले पाणी पावसाळ्यात मचूळ होते.

मापनात खरा घोळ घालते ती भरती. प्रवाहाचा कमाल वेग सेकंदाला 1 मीटर धरला तरी एका भरतीत पाणी साधारण 14 किमी आत सरकते. सकाळी आणि दुपारी एकाच जागी मोजलेले पाणी वेगवेगळे असते. म्हणून नांगर टाकून किमान 13 तास, तासातासाला नोंद घ्यावी (भरती-ओहोटीचे एक चक्र 12 तास 25 मिनिटांचे) आणि उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) व भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) दोन्ही गाठावेत. एवढी माणसे नसतील, तर दर महिन्याला तीच तिथी आणि भरतीची तीच अवस्था धरावी. इंग्रजी तारीख धरली की ऋतूऐवजी चंद्रच मोजला जातो.

सीटीडी यंत्र (विद्युतवाहकता, तापमान आणि खोली मोजणारे; लवणता पहिल्या दोहोंवरून हिशेबाने काढतात) खाली सोडण्याआधी पृष्ठभागाखालीच दोन-तीन मिनिटे ठेवतात. विद्युतवाहकता मोजणाऱ्या नळीत बुडबुडा अडकला तर लवणता खोटी कमी दिसते. मग सेकंदाला अर्ध्या मीटरहून जास्त वेग न देता सोडून तळाच्या मीटरभर वर थांबवतात, नाहीतर नळीत गाळ बसतो. तापमानात 1 अंशाची चूक झाली, तर हिशेबात लवणता सुमारे 0.8 ने चुकते.

पडताळणीसाठी काचेची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरतात. बूच सैल राहिले तर बाष्पीभवनाने नमुना आणखी खारट होतो, आणि कच्छच्या उन्हात याला वेळ लागत नाही. व्यावहारिक लवणता मापश्रेणी, म्हणजे वाहकतेवरून लवणता काढण्याची ठरलेली पद्धत, 2 ते 42 एवढीच लागू आहे. मिठागरांजवळचा नमुना त्यापुढे गेला, तर वजन करून ऊर्ध्वपातित पाणी मिसळावे, मोजावे आणि मिश्रणाच्या प्रमाणाने गुणून मूळ लवणता काढावी. मापाने ओतून केलेले मिश्रण इथे चालत नाही.